सवलत, निर्यात आणि जमीन : विशेष आर्थिक क्षेत्रांच्या वादाची सद्यःस्थिती

पूर्वपीठिका

देशाच्या भूभागातच एक सीमाबद्ध प्रदेश आखून त्यात सीमाशुल्क, कर आणि प्रशासकीय नियम यांबाबत उर्वरित देशापेक्षा वेगळी व्यवस्था लागू करणे, ही विशेष आर्थिक क्षेत्राची म्हणजेच 'सेझ'ची मूळ कल्पना होय. आयर्लंडमधील शॅनन विमानतळालगत १९५९ साली उभारलेले मुक्त क्षेत्र हा तिचा आधुनिक आरंभ मानला जातो. भारताने १९६५ साली कांडला येथे आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे आयात कच्च्या मालावर शुल्क न भरता केवळ निर्यातीसाठी उत्पादन करण्याची जागा, सुरू केले आणि १९७३ साली मुंबईत अंधेरीला 'सीप्झ'ची स्थापना झाली. इलेक्ट्रॉनिक मालासाठी स्थापन झालेले सीप्झ पुढे रत्ने व दागिन्यांच्या निर्यातीसाठी ओळखले जाऊ लागले. ऐंशीच्या दशकात नोएडा, मद्रास, कोचीन, फाल्टा आणि विशाखापट्टणम यांची भर पडली. तथापि परवाने, परकीय भांडवलावरील मर्यादा आणि सीमाशुल्क खात्याची तपासणी यांच्या चौकटीतच ही क्षेत्रे चालत असल्यामुळे देशाच्या एकूण निर्यातीत त्यांचा वाटा लहानच राहिला.

या कल्पनेला जगभर जी प्रतिष्ठा लाभली ती चीनमुळे. १९८० साली शेन्झेन, झुहाई, शान्तौ आणि शियामेन या चार ठिकाणी विशेष क्षेत्रे जाहीर झाली, तेथील परकीय उद्योगांना १५ टक्के दराने प्राप्तिकर आकारला गेला आणि त्यातून शेन्झेनचे महानगर उभे राहिले, अशी कथा धोरणकर्त्यांना मोहक वाटली यात नवल नाही. तिच्यातील दोन तपशील मात्र पुष्कळदा गाळले जातात. शेन्झेनचे मूळ क्षेत्र ३२७ चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे एका शहराइतके होते, आणि ते हाँगकाँगच्या सीमेला लागून असल्यामुळे भांडवल, बाजाराची माहिती आणि बंदर या तिन्ही गोष्टी जवळच होत्या. शिवाय चीनने जमिनीच्या वापराचे हक्क, मजुरीचे करार आणि किंमतनिश्चिती यांतील सुधारणांचे प्रयोग प्रथम या क्षेत्रांत करून पाहिले व नंतर ते देशभर नेले. २००८ पासून तर देशी आणि परकीय उद्योगांसाठी २५ टक्क्यांचा एकच दर सामान्य नियम म्हणून लागू करून करातील भेद मोठ्या प्रमाणात संपवला. त्यामुळे शेन्झेनचे यश करसवलतीचे किती आणि स्थानाचे व सुधारणांचे किती, हा प्रश्न या संपूर्ण चर्चेच्या मुळाशी आहे.

२००५ चा कायदा आणि त्यातील सवलती

तत्कालीन वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी चीनमधील क्षेत्रे पाहिल्यानंतर एप्रिल २००० मध्ये भारताचे सेझ धोरण जाहीर झाले. गुंतवणूकदारांना कायद्याची शाश्वती हवी होती म्हणून संसदेने २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्र कायदा संमत केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो अमलात आला. पूर्वीच्या क्षेत्रांपेक्षा नवा आराखडा एका मूलभूत बाबतीत वेगळा होता, तो म्हणजे क्षेत्राचा 'विकासक' खासगी कंपनीही असू शकत होती. वाणिज्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंजुरी मंडळ परवानगी देणार, केंद्राचा विकास आयुक्त एकाच खिडकीतून कारभार पाहणार आणि क्षेत्रातील कारखाना किंवा कार्यालय, ज्याला कायदा 'घटक' म्हणतो, पाच वर्षांच्या हिशेबात आयातीवर खर्च केलेल्या परकीय चलनापेक्षा अधिक परकीय चलन मिळवणार, अशी ही रचना होती.

सवलतींचे दोन प्रकार वेगळे करून पाहिल्याशिवाय पुढील वाद समजत नाही. पहिला प्रकार अप्रत्यक्ष करांचा : आयात कच्चा माल व यंत्रे यांवर सीमाशुल्क नाही आणि देशांतर्गत खरेदीवरही कराचा भार नाही. निर्यात मालावर देशातील कर चढू नयेत हे तत्त्व जगभर मान्य असल्यामुळे या सवलतीकडे बहुतेक अर्थतज्ज्ञ वेगळी मेहेरबानी म्हणून पाहत नाहीत. दुसरा प्रकार नफ्यावरील कराचा : प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०-एए नुसार निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण, पुढील पाच वर्षे ५० टक्के आणि त्यानंतरची पाच वर्षे, पुन्हा गुंतवलेल्या नफ्याच्या मर्यादेत, ५० टक्के सूट होती, तर विकासकाला पंधरापैकी कोणत्याही दहा वर्षांच्या नफ्यावर करमाफी होती. वाद पेटला तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावरून.

सवलतीच्या स्थैर्याचा इतिहास फार आश्वासक नाही. नफ्यावर अन्य सूट मिळाली तरी किमान काही कर भरलाच पाहिजे या हेतूने आकारला जाणारा किमान पर्यायी कर या क्षेत्रांना मुळात लागू नव्हता. तो २०११ साली १८.५ टक्के दराने लावण्यात आला आणि लाभांश वितरण करातील माफीही त्याच वर्षी संपली. नव्या घटकांसाठी प्राप्तिकर सवलतीचे दार २०२० साली बंद झाले. पंधरा वर्षांचा हिशेब मांडून आलेल्या गुंतवणूकदारांना सहाव्या वर्षीच वेगळे नियम दिसले, ही तक्रार सेझचे समर्थक आणि टीकाकार दोघेही मान्य करतात. फरक इतकाच की, समर्थकांना त्यात राज्यसंस्थेचा शब्दभंग दिसतो आणि टीकाकारांना मूळ सवलतच टिकाऊ नसल्याचा पुरावा दिसतो.

परकीय उद्योग खरोखर किती आले

भारतीय कायदा देशी आणि परकीय कंपनीत भेद करत नाही; सवलत निर्यातीला आहे, मालकाच्या राष्ट्रीयत्वाला नाही, आणि ही गोष्ट चर्चेत नेहमीच निसटते. सेझमधील बहुतेक उत्पादन उद्योगांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला पूर्वपरवानगी लागत नाही, परंतु तशी मोकळीक क्षेत्राबाहेरही बऱ्याच उद्योगांना मिळत गेल्यामुळे सेझचे वेगळेपण कमी होत गेले. तरीही परकीय कारखान्यांची काही ठळक उदाहरणे आहेत. तमिळनाडूतील चेय्यार येथे तैवानच्या फेंग ताय समूहाचा पादत्राणांचा कारखाना, विशाखापट्टणमजवळ श्रीलंकेच्या ब्रँडिक्सचे वस्त्रोद्योग संकुल आणि आंध्रातील श्री सिटी येथील इलेक्ट्रॉनिक उद्योग यांनी मोठ्या प्रमाणावर, विशेषतः ग्रामीण तरुण स्त्रियांना, कारखान्यातील पहिली नोकरी दिली.

सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले उदाहरण श्रीपेरुंबुदूर येथील नोकियाच्या मोबाइल कारखान्याचे आहे. राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली जमीन आणि मूल्यवर्धित कराचा परतावा, केंद्राची सेझ सवलत आणि जवळच्या चेन्नई बंदराची सोय यांच्या बळावर २००६ साली सुरू झालेला हा कारखाना अल्पावधीत जगातील मोठ्या मोबाइल कारखान्यांत गणला गेला आणि त्याच्या पुरवठादारांचे कारखानेही शेजारी उभे राहिले. पुढे प्राप्तिकर खाते व राज्य सरकार यांच्याशी कंपनीचे करविषयक तंटे झाले, मालमत्ता गोठवली गेल्यामुळे मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय विकत घेताना हा कारखाना वगळला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. सवलतीने आलेला उद्योग सवलत संपताच जातो असा निष्कर्ष काहींनी यातून काढला. इतरांच्या मते कर प्रशासनातील अनिश्चितता आणि बाजारात मागे पडलेली कंपनी ही खरी कारणे होत. दोन्ही पक्ष एकाच घटनेचा आधार घेतात, आणि तुलनेसाठी दुसरा असाच कारखाना उपलब्ध नसल्यामुळे हा वाद केवळ या उदाहरणावर मिटणारा नाही. त्या परिसरात तयार झालेले कुशल मनुष्यबळ व पुरवठासाखळी मात्र नंतरच्या मोबाइल उद्योगाला उपयोगी पडली.

देशभर पाहता चित्र वेगळे होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांच्या २०१४ च्या अहवालानुसार कार्यरत सेझपैकी निम्म्याहून अधिक माहिती-तंत्रज्ञानाची होती आणि बहुउत्पादन क्षेत्रांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता. सॉफ्टवेअर पार्कांना मिळणारी जुनी करमाफी मार्च २०११ मध्ये संपणार असल्यामुळे बंगळुरू, हैदराबाद, हिंजवडी आणि चेन्नई येथे नवे काम सेझमधील इमारतींत नेणे कंपन्यांना फायद्याचे ठरले. ज्यांना आणण्यासाठी कायदा झाला ते कारखाने थोडे आले आणि जे आधीच येथे होते त्यांनी जागा बदलली, असा आक्षेप यातून निघाला. तो बऱ्याच अंशी रास्त आहे. मात्र परकीय कंपन्यांची या शहरांतील सेवा केंद्रे या इमारतींशिवाय इतक्या वेगाने वाढली असती काय, याचे उत्तर त्या आक्षेपातून मिळत नाही.

सवलतींविषयीचे प्रमुख पक्ष

सैद्धांतिक टीकेचा आरंभ कोइची हमादा यांच्या १९७४ च्या लेखापर्यंत मागे नेता येतो. आयातशुल्काचे संरक्षण असलेल्या देशात असे क्षेत्र काढल्यास साधनसामग्री अयोग्य ठिकाणी ओढली जाऊन देशाचे नुकसानही होऊ शकते, असे त्यांनी दाखवले. पीटर वॉर यांनी पुढे आशियातील चार क्षेत्रांचा खर्च-लाभ मांडला तेव्हा फिलिपिन्समधील बातानसारखे क्षेत्र सरकारच्या खर्चामुळे तोट्यात गेल्याचे आढळले, तर अन्यत्र रोजगार व परकीय चलनाचा लाभ दिसला. म्हणजे हिशेब क्षेत्रागणिक बदलतो, आणि तो बिघडवणारी मोठी बाब म्हणजे दुर्गम जागी सरकारने केलेला पायाभूत खर्च होय.

दुसरा पक्ष महसुलाचा. २००६ साली वित्त मंत्रालय आणि वाणिज्य मंत्रालय यांच्यातील मतभेद उघडपणे चर्चिले गेले आणि त्या वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मुख्य अर्थतज्ज्ञ असलेल्या रघुराम राजन यांनीही महसुलाच्या हानीबद्दल इशारा दिला. कॅगने २००६-०७ ते २०१२-१३ या काळातील करसवलतींची रक्कम ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचे नोंदवले. समर्थकांचे उत्तर असे की, जो उद्योग सवलतीशिवाय आलाच नसता त्याच्या न भरलेल्या कराला तोटा म्हणता येत नाही. तर्क म्हणून ते बिनतोड आहे, पण कोणता उद्योग आला नसता हे आधी ठरवावे लागते. जागतिक बँकेसाठी सेबॅस्टियन जेम्स यांनी एकत्रित केलेल्या सर्वेक्षणांत रवांडामध्ये ९० टक्क्यांहून अधिक आणि व्हिएतनाममध्ये ८० टक्क्यांहून अधिक गुंतवणूकदारांनी सवलत नसती तरी गुंतवणूक केली असती असे सांगितले. निर्यातप्रधान आणि सहज स्थलांतर करू शकणाऱ्या उद्योगांत मात्र सवलतीचे वजन अधिक असल्याचे अशा अभ्यासांत दिसते, आणि सेझ नेमके त्याच उद्योगांसाठी असतात.

तिसरा पक्ष परिणामांचे मोजमाप करणाऱ्यांचा आहे. अराधना अगरवाल यांनी भारतीय क्षेत्रांच्या दीर्घ अभ्यासातून रोजगार, कौशल्य आणि निर्यात यांतील योगदान दाखवतानाच क्षेत्र आणि स्थानिक अर्थव्यवस्था यांतील दुवे कच्चे असल्याचेही नोंदवले. जिन वँग यांना चीनच्या नगरपालिकांच्या आकडेवारीत परकीय गुंतवणूक व मजुरी वाढल्याचे आढळले, परंतु उशिरा जाहीर झालेल्या क्षेत्रांत तो लाभ कमी होता. भारताबाबत २०१८ सालचे दोन अभ्यास परस्परविरुद्ध दिशांना जातात : मायर अल्कॉन यांना सेझच्या आसपासच्या भागात विकासाचा विशेष प्रसार आढळला नाही, तर ह्यून आणि रवी यांनी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या प्रकाशाच्या आधारे स्थानिक आर्थिक हालचाल वाढल्याचा निष्कर्ष काढला. प्रकाश वाढणे म्हणजे उत्पादन वाढणे असू शकते. त्यातून गावातील शाळा, पाणी आणि रोजगार सुधारल्याचे आपोआप सिद्ध होत नाही, आणि दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात ही शक्यता अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

जमिनीचा प्रश्न : रायगड आणि गोवा

करसवलतीचा वाद अर्थतज्ज्ञांपुरता राहिला असता. सेझला देशव्यापी राजकीय प्रश्न बनवले ते जमिनीने. पश्चिम बंगालमधील नंदीग्राम येथे इंडोनेशियाच्या सलीम समूहाच्या सहभागाने रसायन संकुल उभारण्याच्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांवर १४ मार्च २००७ रोजी गोळीबार होऊन चौदा जण मरण पावले. त्यानंतर पुढच्याच महिन्यात केंद्राच्या मंत्रिगटाने क्षेत्राची कमाल मर्यादा ५,००० हेक्टर ठरवली, निम्मी जमीन प्रत्यक्ष उत्पादनासाठी राखणे बंधनकारक केले आणि खासगी सेझसाठी राज्यांनी सक्तीने भूसंपादन करू नये असे ठरले.

महाराष्ट्रात हा संघर्ष रायगड जिल्ह्यातील पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत झाला. महामुंबई सेझसाठी ४५ गावांतील सुमारे दहा हजार हेक्टर जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्याचा प्रस्ताव होता. या परिसराला भूसंपादनाचा पूर्वानुभव होता : नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी जमिनी गेल्यानंतर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले होते आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून पुढे आली होती. त्यामुळे सेझच्या वेळी शेतकरी केवळ दराची घासाघीस करत नव्हते. जमीन गेल्यावर पुढच्या पिढीचे काय होते हे त्यांनी शेजारच्या गावांत पाहिले होते. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांनी चालवलेल्या विरोधानंतर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने जनमत चाचणी घेतली. खासगी उद्योगासाठीच्या भूसंपादनावर शेतकऱ्यांचे मत सरकारने अशा प्रकारे अजमावण्याचे हे विरळ उदाहरण होय. शेतकऱ्यांचा कौल मोठ्या प्रमाणावर विरोधात होता. पुढे मुदतीत निवाडे न झाल्यामुळे संपादनाची प्रक्रिया व्यपगत झाली.

गोव्यात घडले ते याहून वेगळे, कारण तेथे जमीन औद्योगिक विकास महामंडळाने आधीच वाटली होती. जनआंदोलनाच्या दबावाखाली २००७ च्या अखेरीस दिगंबर कामत सरकारने सर्व सेझ रद्द करण्याचे जाहीर केले. जमीनवाटप बेकायदा असल्याचा निर्णय २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दिला आणि अखेर २०१८ साली सुमारे २५६ कोटी रुपये प्रवर्तकांना परत करून सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन ताब्यात घेण्याचा तोडगा निघाला. मंजूर सेझ रद्द करण्याची किंमत शेवटी सार्वजनिक तिजोरीनेच मोजली.

मायकेल लेव्हियन यांनी जयपूरजवळील सेझच्या अभ्यासातून असे मांडले की, येथे राज्यसंस्था जमिनीच्या दलालाची भूमिका घेते आणि विकासकाचा खरा नफा उत्पादनातून नव्हे तर जमिनीच्या वाढत्या किमतीतून येतो. कॅगच्या आकड्यांचा या मांडणीला आधार आहे : अधिसूचित सुमारे ४५,६३५ हेक्टरांपैकी प्रत्यक्ष वापर ६२ टक्के जमिनीचाच झाला आणि सहा राज्यांत ५,४०० हेक्टरांहून अधिक जमीन सेझमधून वगळून अन्य व्यापारी उपयोगाकडे वळवण्यात आली. विकासकांची बाजू अशी की, २००८ ची जागतिक मंदी आणि २०११ चे करबदल यांमुळे प्रकल्प व्यवहार्य राहिले नाहीत. हे स्पष्टीकरण काही प्रकल्पांना लागू पडते; परंतु सार्वजनिक हिताच्या नावाने घेतलेली जमीन प्रकल्प बुडाल्यावर मूळ मालकाकडे का जात नाही, याचे उत्तर त्यात नाही.

कामगारांच्या बाबतीत समज आणि कायदा यांत अंतर आहे. कामगार संघटना, औद्योगिक तंटे, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूती लाभ यांविषयीचे केंद्रीय कायदे सेझसाठी शिथिल करता येणार नाहीत असे २००५ च्या कायद्याच्या कलम ४९ मध्येच म्हटले आहे. तथापि अनेक राज्यांनी सेझला लोकोपयोगी सेवेचा दर्जा देऊन संपावर निर्बंध आणले आणि कामगार आयुक्तांचे अधिकार उद्योगवाढीची जबाबदारी असलेल्या विकास आयुक्ताकडे सोपवले. एकाच अधिकाऱ्याकडे ही दोन कामे देणे ही या व्यवस्थेतील गंभीर उणीव आहे.

बाहेरून आलेल्या दोन मर्यादा

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार निर्यातीच्या अटीवर दिलेले अनुदान निषिद्ध आहे आणि दरडोई उत्पन्न एक हजार डॉलरांखाली असलेल्या विकसनशील सदस्यांना त्यातून सूट मिळते. भारताने ही मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडल्यावर अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये तक्रार केली. पुढे आणखी आठ वर्षांची मुदत मिळते हा भारताचा युक्तिवाद तंटा मंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये फेटाळला आणि सेझमधील संबंधित सवलती १८० दिवसांत मागे घेण्यास सांगितले. भारताने नोव्हेंबरमध्ये अपील केले. लगेचच डिसेंबरमध्ये, नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखल्या गेल्यामुळे, अपील मंडळाचे कामकाज ठप्प झाले.

दुसरी मर्यादा जागतिक किमान कराची. ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्यावर प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर पडावा, असा समझोता ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी केला. यजमान देशाने कर माफ केला तरी ती तफावत दुसरा देश वसूल करू शकत असल्यामुळे मोठ्या कंपनीला दिलेली करमाफी तिच्या हाती न राहता परक्या तिजोरीत जाण्याची शक्यता निर्माण झाली. प्रत्यक्ष यंत्रसामग्री आणि वेतनखर्च यांच्या प्रमाणात काही वजावट ठेवलेली असल्याने, कागदी नफा नोंदवणाऱ्या कार्यालयापेक्षा खऱ्याखुऱ्या कारखान्याला या नियमाचा फटका कमी बसतो.

सद्यःस्थिती आणि अनिर्णित प्रश्न

बाबा कल्याणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ च्या अहवालात निर्यातीऐवजी रोजगार आणि आर्थिक घडामोडी यांना केंद्रस्थानी ठेवावे अशी शिफारस केली. २०२२ च्या अर्थसंकल्पात जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची घोषणा झाली आणि त्यासाठी 'देश' या संक्षेपाने ओळखले जाणारे विधेयक तयार झाले, परंतु मंत्रालयांत एकमत न झाल्याने ते मागे पडले. त्याऐवजी नियमांत तुकड्यातुकड्यांनी बदल होत गेले. २०१९ मध्ये बहुक्षेत्रीय सेझसाठी किमान जमीन ५० हेक्टर झाली, डिसेंबर २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सेझमधील रिकामे मजले देशांतर्गत कंपन्यांना देण्याची मुभा मिळाली आणि २०२५ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी किमान जमीन १० हेक्टरांवर आणली गेली. दरम्यान २०१९ पासून नव्या उत्पादन कंपन्यांना ठरावीक मुदतीसाठी देशात कोठेही १५ टक्के दर आणि २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मिळाल्याने, सेझमध्येच जाण्याचे करविषयक कारण फारसे उरले नाही. तरीही २०२३-२४ मध्ये सेझमधून सुमारे १६३ अब्ज डॉलरांची निर्यात झाली, त्यामुळे सवलत संपताच ही क्षेत्रे ओस पडतील हे भाकीत आजवर खरे ठरलेले नाही.

उरलेल्या प्रश्नांत देशांतर्गत विक्रीचा प्रश्न तातडीचा आहे. सेझमधील कारखान्याने देशात माल विकल्यास त्यावर सामान्यतः आयात मालाप्रमाणे पूर्ण सीमाशुल्क पडते, तर मुक्त व्यापार कराराखाली आसियान देशांतून येणारा तसाच माल अनेकदा शून्य शुल्काने येतो. शुल्क केवळ आयात कच्च्या मालावर घ्यावे ही मागणी त्यातून आली आहे. तिला सेझबाहेरील उद्योगांचा विरोध आहे, कारण स्वस्त यंत्रे व कच्चा माल मिळवणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांना त्याच बाजारात झगडावे लागेल, आणि ही भीती निराधार नाही. न वापरलेल्या जमिनीचा प्रश्नही तसाच उभा आहे : ती शेतकऱ्यांना परत मिळावी यासाठीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये केंद्राला आणि सात राज्यांना नोटिसा काढल्या होत्या, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा राज्याच्या जमीन बँकेत जाण्याची तरतूद असली तरी, सेझसाठी संपादन झालेली बहुतेक जमीन त्यापूर्वीच्या, १८९४ च्या कायद्याखाली घेतलेली आहे.